शाखा तोट्यात आहे म्हणजे नक्की कोणाच्या वहीत?

हिशेबनीस

बँकेची शाखा बंद होते तेव्हा दारावरच्या कागदावर ‘ग्राहकांच्या बदलत्या सवयी’ वगैरे मजकूर असतो. आतल्या फायलीत मात्र तोट्याचा एक आकडा असतो. असे आकडे काढणाऱ्या खात्यात मी नोकरीचा बराच काळ घालवला, म्हणून हा धागा. सगळ्यांनी यावं, बँकवाल्यांनी तर नक्कीच.

शाखा ठेवी गोळा करते आणि कर्जं देते. पण जेवढ्या ठेवी तेवढीच कर्जं असं एका शाखेत कधीच जुळत नाही. निवृत्तांच्या वस्तीत ठेवी रग्गड आणि कर्ज घ्यायला कोणी नाही. कारखान्यांच्या भागात नेमकं उलट. मग उरलेला पैसा मुख्य कार्यालयाच्या ट्रेझरीकडे जातो आणि ज्यांना कमी पडतो त्यांना तिथूनच मिळतो. ह्या घरातल्या घरात होणाऱ्या देवघेवीचा दर म्हणजे ट्रान्सफर प्राइस. तो बाजारात छापून येत नाही, बँकेतलीच एक समिती ठरवते. आणि शाखेच्या उत्पन्नातला सर्वात मोठा हिस्सा नेमका ह्याच दरावर उभा असतो.

उदाहरण घेऊ. चलन कुठलंही धरा. शाखेत ठेवी १००, त्यांवर सरासरी व्याज २ टक्के. कर्जं ४०, त्यांवर ८ टक्के. ट्रान्सफर प्राइस ५ टक्के. ठेवींवर सुटले ३ (१०० वर ५ वजा २ टक्के), कर्जांवर १.२ (४० वर ८ वजा ५ टक्के), फी-कमिशनचे ०.३. एकूण ४.५. आता खर्च: पगार, भाडं, रोकड, पहारा, वीज मिळून २.२. बुडीत कर्जांची तरतूद ०.४. आणि मुख्य कार्यालयाने ‘तुमच्या वाट्याचा’ म्हणून लावलेला खर्च १.३. उरले ०.६. शाखा नफ्यात.

समितीने दर ३.५ टक्के केला. ठेवींवर १.५, कर्जांवर १.८, फी तीच ०.३. एकूण ३.६, खर्च ३.९. शाखा ०.३ ने तोट्यात! माणसं तीच, ग्राहक तेच, काउंटरही तेच. मॅनेजरची बढती मात्र अडकली.

शिवाय तो १.३ चा वाटा बघा. चेअरमनचा पगार, जाहिराती, सर्व्हर, विधी विभाग. शाखा बंद केली म्हणून ह्यातलं काहीच कमी होत नाही, ते उरलेल्या शाखांच्या डोक्यावर बसतं. मग त्यांतली कुठलीतरी पुढच्या वर्षी तोट्यात दिसते. हे चक्र मी स्वतः फिरताना पाहिलं आहे.

रात्रपाळी

रुमाल टाकून ठेवतो. सवडीने वाचतो.

ट्रेझरीतला

चांगला विषय. पण हिशेबनीस, तुम्ही दिलेलं उदाहरण जुन्या पद्धतीचं आहे, सगळ्या पैशाला एकच दर लावणारं. बऱ्यापैकी चालणाऱ्या बँकांत आता मुदतीप्रमाणे दर लावतात. पाच वर्षांचं कर्ज दिलं की त्या दिवशीचा पाच वर्षांचा दर त्या कर्जाला चिकटतो आणि शेवटपर्यंत बदलत नाही. पुढे बाजारात व्याजदर वर गेले काय, खाली आले काय, ती डोकेदुखी ट्रेझरीची. शाखेच्या माथी ती मारूच नये.

खरी गंमत बचत आणि चालू खात्यांची. कागदावर ग्राहक उद्या सकाळी सगळे पैसे काढू शकतो. प्रत्यक्षात खात्यांचा मोठा भाग वर्षानुवर्षं हलत नाही. मग ह्या पैशाला एका रात्रीचा दर द्यायचा की पाच वर्षांचा? ग्राहक कसे वागतात ते बघून हा पैसा साधारण किती टिकतो त्याचा अंदाज बांधतात आणि त्यावरून दर ठरतो. ब्रिटनच्या बँका ह्याच टिकाऊ पैशावर ‘स्ट्रक्चरल हेज’ चालवतात, म्हणजे तो वेगवेगळ्या मुदतींच्या स्थिर दरात हप्त्याहप्त्याने गुंतवत राहतात. बँक ऑफ इंग्लंडचा दर मार्च २०२० मध्ये ०.१ टक्क्यावर आला आणि ऑगस्ट २०२३ मध्ये ५.२५ वर गेला. हेजमुळे ह्या झोक्याचा धक्का उत्पन्नाला हळूहळू लागतो, जातानाही आणि येतानाही.

माजी_शाखाधिकारी

ट्रेझरीतला साहेब, तुमची पद्धत सुंदर आहे, फक्त आमच्यापर्यंत ती कधी पोचली नाही. आम्हाला तिमाहीला एक कागद यायचा आणि त्यावर शाखेचा क्रमांक असायचा.

आता काउंटरच्या अलीकडची बाजू सांगतो. हिशेबनीसांनी ‘रोकड’ एका शब्दात उरकली. तिजोरीतल्या नोटांवर व्याज मिळत नाही, त्यामुळे शाखेत पडून राहिलेली प्रत्येक नोट म्हणजे बुडालेलं व्याज. वर विमा, व्हॅनचा खर्च, मोजणी, फाटक्या नोटा वेगळ्या काढणं, दोन किल्ल्या दोघांकडे, त्यांतला एक रजेवर गेला तर तिसऱ्याला रीतसर चार्ज देणं. रोकड भरायला येणारा व्यापारी खात्यात शिल्लक म्हणून फारसं काही ठेवत नाही, संध्याकाळपर्यंत पैसे पुढे पाठवतो. म्हणजे रांग त्याची, खर्च आमचा आणि ठेव दुसऱ्याच बँकेत.

दुसरं म्हणजे खातं कोणाचं हा वाद. खातं उघडलं एका शाखेत, ग्राहक राहायला गेला दुसरीकडे, पासबुक भरायला आणि तक्रारी करायला येतो तिसऱ्या शाखेत. ठेवीचं उत्पन्न पहिलीला, खर्च तिसरीला. रेल्वे स्टेशनजवळच्या शाखा ह्यात कायम मार खातात. दिवसभर झुंबड, पण खाती सगळी घराजवळच्या शाखांत.

आणि तिमाही संपताना एखाद्या मोठ्या कंपनीची ठेव चार दिवसांसाठी शाखेत ‘मुक्कामाला’ आणायची कलाही असते. त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही.

टोचणी

लिहा की! इथे कोण सही मागतंय.

कोडवाला

मी बाहेरचा, सॉफ्टवेअरमधला. माझा साधा प्रश्न. एटीएम आलं, मग फोनवर सगळं आलं. शाखा नावाचा प्रकार केव्हाच संपायला हवा होता. अजून का आहे?

मुक्तछंदी

कोडवाला, एटीएमचं उदाहरण तुमच्याच विरोधात जातं. बार्क्लेजने २७ जून १९६७ ला लंडनजवळ एनफील्डला पहिलं यंत्र लावलं. अमेरिकेत यंत्रं सगळीकडे पसरली त्या काळाचा अभ्यास जेम्स बेसन ह्या अर्थतज्ज्ञाने केला आहे. १९८८ ते २००४ मध्ये तिथल्या शहरी शाखेतले सरासरी टेलर, म्हणजे काउंटरवरचे कॅशियर, २० वरून १३ वर आले. पण शाखा चालवणं स्वस्त झाल्यामुळे बँकांनी शाखाच जास्त उघडल्या, शहरी शाखा ४३ टक्क्यांनी वाढल्या. म्हणजे यंत्राने शाखा मारली नाही, वाढवली.

साशंक

हे उदाहरण इतक्यांदा ऐकलंय की आता त्याचीच शंका येते. त्याच काळात अमेरिकेत राज्याबाहेर शाखा उघडण्यावरची बंधनं उठली. रीगल-नील कायदा १९९४ चा. बँकांचं विलीनीकरण आणि नव्या राज्यांत शिरकाव, दोन्ही जोरात होतं. शाखा वाढल्या त्यात यंत्राचा वाटा किती आणि कायद्याचा किती हे वेगळं काढल्याशिवाय ‘यंत्राने शाखा वाढवली’ म्हणणं घाईचं आहे. आणि पुढचं चित्र बघा. अमेरिकेतल्या शाखांची संख्या २००९ च्या सुमारास शिखरावर होती, तिथून उतरतीच आहे. स्पेनमध्ये २००८ ला ४५ हजारांहून जास्त शाखा होत्या, आता १८ हजारही नाहीत. ब्रिटनमध्ये २०१५ पासून सहा हजारांहून जास्त शाखा बंद झाल्या. स्वीडनमध्ये तर मोठ्या बँकांच्या कित्येक शाखांत रोकडच मिळत नाही.

मुक्तछंदी

कायद्याचा मुद्दा मान्य. पण कायदा उलट्या बाजूनेही बोलतो. अमेरिकेत १९३३ पासून चालू खात्यावर व्याज द्यायला बंदी होती, बचत खात्याच्या व्याजावर कमाल मर्यादा होती. मर्यादा १९८६ पर्यंत टप्प्याटप्प्याने गेली, चालू खात्यावरची बंदी तर थेट २०११ मध्ये उठली. व्याज देऊन ग्राहक ओढता येत नसेल तर काय करणार? त्याच्या घराजवळ शाखा उघडणार, खातं उघडल्यावर भेटवस्तू देणार. दारातली शाखा हेच अप्रत्यक्ष व्याज होतं. त्या जमान्यात जेवढ्या शाखा उघडल्या, त्या सगळ्या ‘गरज’ म्हणून उघडल्या होत्या असं मला तरी वाटत नाही.

हिशेबनीस

मुक्तछंदी, हा शेवटचा परिच्छेद धाग्याच्या गाभ्याशी जातो. शाखा सेवा विकते असं आपण समजतो. प्रत्यक्षात ती कमी व्याजावर पैसा टिकवून ठेवते आणि तिची कमाई तिथेच आहे. बाजारातले दर चढले की बचत खात्याचा दर मात्र जागचा हलत नाही, मधली फट रुंदावते. अमेरिकेतल्या आकडेवारीवर ड्रेक्सलर, सावोव्ह आणि श्नाब्ल ह्या तिघांचा २०१७ चा निबंध ह्याच फटीबद्दल आहे. बिनशाखेच्या बँकांना ही फट फारशी मिळत नाही. त्यांचा ग्राहक दर बघून आलेला असतो, दर बघूनच जातो. शाखेचं भाडं वाचतं, ते व्याजात द्यावं लागतं.

उलट दर शून्याजवळ आले की फट मिटते. बँकांनी युरोपियन सेंट्रल बँकेकडे ठेवलेल्या पैशावरचा दर जून २०१४ ते जुलै २०२२ शून्याखाली होता. ठेवीदाराकडून उघडपणे पैसे कापायची हिंमत बहुतेक बँकांना झाली नाही, म्हणजे गोळा केलेली प्रत्येक ठेव अंगावर. त्या काळात युरोपात शाखांच्या माना कशा पडल्या ह्याचं कारण निव्वळ मोबाइल ॲप नव्हतं.

टोचणी

थोडक्यात, शाखेचा नफा म्हणजे आळशी ठेवीदारांवरचा कर. आभारी आहोत.

माजी_शाखाधिकारी

टोचणी, आळस म्हणू नका. ओळखीचा कॅशियर आहे, काही झालं तर जाऊन विचारता येतं, ह्याची ती किंमत आहे. मार्च २०२३ मध्ये सिलिकॉन व्हॅली बँकेतून एका दिवसात ४२ अब्ज डॉलर बाहेर गेले. तिथे शाखा मूठभर, ठेवीदार एकमेकांच्या ओळखीचे, बहुतेक ठेवी ठेव-विम्याच्या मर्यादेबाहेरच्या. असा पैसा फोनवरून आला तसा फोनवरून जातो. विखुरलेल्या हजारो छोट्या खातेदारांचा पैसा असा उठत नाही.

साशंक

तो स्थिरपणा शाखेमुळे की ठेव विम्यात बसते म्हणून? मला दुसरं जास्त पटतं.

ट्रेझरीतला

दोन्ही. आणि लोक खातं बदलायचा कंटाळा करतात, तेही आहेच. टोचणींचा शब्द कडू आहे, पण मॉडेलमध्ये आम्ही त्याच्यावरच भिस्त ठेवतो.

अनामिक_गणिती

मी हिशेबनीसांचं उदाहरण पुढे नेलं. त्यांच्या मांडणीतून वाचणाऱ्याला वाटेल की बंद करणं म्हणजे चूकच. तसं आकड्यांतून निघत नाही.

दर ३.५ टक्के असताना मुख्य कार्यालयाचा वाटा बाजूला ठेवला तर शाखा बँकेला १.५ + १.८ + ०.३ − ०.४ = ३.२ आणून देते आणि तिचा स्वतःचा खर्च २.२. म्हणजे १ शिल्लक. शाखा बंद झाल्यावर सगळे ग्राहक सोडून गेले तर बँकेचं १ चं नुकसान, बरोबर. पण सगळे कुठे जातात? निम्मे गेले तर उत्पन्न १.६ बुडेल, खर्च २.२ वाचेल, बँक ०.६ ने पुढेच. तोडबिंदू २.२ भागिले ३.२. साधारण ६९ टक्के व्यवसाय गेला तरच बंद करणं अंगाशी येतं. दर ५ टक्के असताना शाखा ४.१ आणते, तेव्हा तोडबिंदू ५४ टक्क्यांवर येतो.

गंमत म्हणजे पहिल्या स्थितीत वहीत शाखा ‘तोट्यात’ आणि दुसरीत ‘नफ्यात’, पण निर्णय दोन्हीकडे एकाच प्रश्नावर लटकलाय: किती ग्राहक टिकतील? नफा-तोट्याचा कागद त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. आपल्याच बँकेची दुसरी शाखा चार चौक पलीकडे असेल तर नफ्यातली शाखाही बंद करण्यात अर्थ आहे. विलीनीकरणानंतर हेच होतं.

हिशेबनीस

वा. हे मी मूळ लेखातच घालायला हवं असं आता कोणीतरी म्हणेल, पण धाग्याचा हाच फायदा.

फक्त एक भर. ग्राहक लगेच जात नाहीत. शाखा बंद झाल्यावर पहिल्या वर्षाचा अहवाल नेहमी देखणा असतो: ‘९० टक्के ठेवी कायम’ छापाचा. गळती पुढे होते. मुदत ठेवी पिकतात आणि दुसरीकडे वळतात, मुलगा नोकरीला लागतो तो वडिलांच्या बँकेत खातं उघडत नाही. तोपर्यंत बंद करणारा अधिकारी बढती घेऊन दुसऱ्या खात्यात गेलेला असतो. नवी शाखा ह्याच्या आरशातली प्रतिमा. पहिली काही वर्षं निव्वळ खर्च, मग हळूहळू ठेवी साचतात. म्हणून ज्या बँकेकडे थांबायची ऐपत आहे तीच शाखा उघडते. जेपी मॉर्गनने २०१८ च्या जानेवारीत ४०० नव्या शाखा जाहीर केल्या, २०२४ मध्ये आणखी ५००. बाकीचे आवरत असताना.

साशंक

थांबायची ऐपत नसेल तर काय होतं त्याचंही उदाहरण द्या. व्हर्नन हिल ह्यांनी १९७३ मध्ये न्यू जर्सीत कॉमर्स बँक काढली, भल्या मोठ्या शाखा, जास्त वेळ उघड्या, ठेवीवर कमी व्याज. चांगली चालली, कॅनडाच्या टीडी बँकेने ती साडेआठ अब्ज डॉलरच्या सौद्यात घेतली. तेच सूत्र घेऊन २०१० मध्ये लंडनला मेट्रो बँक. आठवड्याचे सातही दिवस उघडी, कुत्र्यांना पाणी. पण तेव्हा दर तळाला! स्वस्त ठेवीतून सुटणार काय? मग कर्जं वाढवायची घाई. जानेवारी २०१९ मध्ये कर्जांच्या जोखमीचं वर्गीकरण चुकल्याचं बाहेर आलं, शेअर कोसळला, २०२३ मध्ये बँक वाचवायला नव्याने भांडवल उभं करावं लागलं आणि सात दिवसांचा हट्टही सुटला.

मुक्तछंदी

स्वीडनची हांडेल्सबांकेन ह्या चर्चेत यायलाच हवी. यान वालांडर १९७० मध्ये तिचे प्रमुख म्हणून आले आणि त्यांनी वार्षिक बजेटच बंद करून टाकलं. ‘शाखा हीच बँक’ हे त्यांचं धोरण. कर्ज कोणाला द्यायचं, दर काय लावायचा हे शाखेने ठरवायचं. शाखांना टार्गेट नाही, आपसातली तुलना मात्र उघड. नफ्यातला हिस्सा एका निधीत जायचा आणि त्यात अधिकारी-शिपाई सगळ्यांचा वाटा सारखा. शाखेला स्वतःचा हिशेब पटतो तेव्हा काय होतं त्याचा हा नमुना, आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला स्वीडनच्या बँका गटांगळ्या खात असताना हिने सरकारी मदत घेतली नाही.

टोचणी

त्याच हांडेल्सबांकेनने २०२० मध्ये स्वीडनमधल्या ३८० पैकी जवळपास १८० शाखा बंद करायचं जाहीर केलं, तेही लिहा.

मुक्तछंदी

लिहिणारच होते, तुम्ही आधी पोचलात. मला तरी त्यात विरोधाभास दिसत नाही. लोक येतच नसतील तर हिशेब कितीही प्रामाणिक ठेवा.

माजी_शाखाधिकारी

उलट टोक पण बघा. ठेवींवरची फट मिटली की मुख्य कार्यालय म्हणतं, फी आणा. विमा विका, कार्ड विका. वेल्स फार्गो ह्या अमेरिकी बँकेत एका ग्राहकाला आठ उत्पादनं विकायचा नारा होता. शाखांतल्या माणसांनी टार्गेट गाठायला ग्राहकांना न विचारता खाती उघडली. २०१६ मध्ये १८.५ कोटी डॉलर दंड, २०२० मध्ये तीन अब्ज डॉलरची तडजोड. वर हिशेबनीसांच्या तक्त्यात फी ०.३ आहे. ते ०.६ करा असं सांगायला एक ओळ पुरते. ते ०.६ कुठून आणायचं ते काउंटरवरच्या पोराला विचारा.

रात्रपाळी

आत्ता सगळं वाचलं. वाचनखूण साठवली. एक विचारायचं होतं: बँकेचा हिशेब कळला, पण शाखा गेल्यावर आजूबाजूच्या लोकांचा तोटा कोणी मोजतं का?

अनामिक_गणिती

मोजलाय. होआय-लू न्गुयेन ह्यांचा २०१९ चा निबंध शोधा. अमेरिकेत विलीनीकरणामुळे बंद झालेल्या शाखांच्या परिसरात छोट्या उद्योगांना मिळणारी नवी कर्जं साधारण दहा टक्क्यांनी घटली आणि सहा वर्षांपर्यंत सावरली नाहीत. परिणाम अगदी स्थानिक, सहा मैलांच्या पलीकडे विरून जातो. छोट्या धंद्याची पत कागदावर नसते, मॅनेजरच्या डोक्यात असते. तो मॅनेजर गेला की ती माहितीही गेली.

हिशेबनीस

आणि हा तोटा कुठल्याच बँकेच्या वहीत येत नाही, त्यामुळे तो बघायचा तर नियामकानेच. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२४ पासून रोकड मिळण्याच्या सोयीबाबत बँकांवर नियम आहेत. शेवटची शाखा जाते तिथे गरज पाहून सामायिक ‘बँकिंग हब’ उघडतात: काउंटर पोस्टाचं, आणि एकेका वारी एकेका बँकेचा माणूस बसतो. आमच्या तक्त्यातला २.२ चा खर्च पाच-सहा बँकांत वाटला गेला, म्हणून ते परवडतं. फक्त कर्जाचा निर्णय तिथे होत नाही, गणितींनी सांगितलेली जखम तशीच राहते.

कोडवाला

शेवटचा प्रश्न. २.२ चा खर्च ‘वाचतो’ म्हणालात, तो खरंच पूर्ण वाचतो का?

हिशेबनीस

नाही, आणि मुद्द्याचं विचारलंत. पगार वाचतो, तोही माणसं दुसऱ्या शाखेत वळवली नाहीत तर. पहारा, रोकड, वीज लगेच थांबते. तिजोरी काढणं, लॉकरधारकांना शोधून शोधून बोलावणं, जागा पूर्ववत करून देणं हा एकदाचा खर्च अंगावर येतो. आणि भाडेकरार दहा वर्षांचा असून त्यातली सहा शिल्लक असतील तर भाडं वाचतच नाही, रिकाम्या गाळ्याचं भरत बसा. बंद होणाऱ्या शाखांची यादी ठरवताना आम्ही नफ्याच्या रकान्याआधी करार संपायची तारीख बघायचो. शेजारशेजारच्या दोन शाखांपैकी चांगली चालणारी बंद झाली आणि रडतखडत चालणारी राहिली, असं दिसलं तर आधी तिथल्या मालकाशी झालेला करार कधी संपतो ते विचारा.